बंद दारांची नावंही यादीत येऊ द्या

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या ग्रामस्थ बंधू-भगिनींनो,

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी आपल्या गल्लीत, वस्तीवर, तांड्यावर एक फेरी मारा आणि ज्या घरांना वर्षातले सहा महिने कुलूप असतं, त्या घरांपुढे जरा थांबा. एवढ्याच विनंतीसाठी हे पत्रक.

दसरा-दिवाळी झाली की मुखेड, कंधार, लोहा, जळकोट, अहमदपूरकडचे कोयते ऊसतोडीला निघतात. कुणी वीटभट्टीवर जातं, कुणी हैदराबादला बांधकामावर. मागे म्हातारं माणूस राहतं, नाहीतर कुणीच नाही. घरकुलाच्या पाहणीला माणूस येतो तेव्हा दार बंद असतं, आणि बंद दाराची नोंद होत नाही. २६ जानेवारीच्या ग्रामसभेलाही ही माणसं फडावरच असतात. म्हणून २ ऑक्टोबर सोडू नका, त्या दिवशी ती गावात भेटतात.

प्रधानमंत्री आवास योजनेची पूर्वीची प्रपत्र ‘ड’ची यादी आणि २०२४-२५ मधलं ‘आवास प्लस’चं सर्वेक्षण, या दोन्हींत शेजाऱ्याचं नाव आहे का, ते ग्रामपंचायतीत जाऊन पाहा. ‘आपण बसत नाही’ असं ऐकून अनेकजण घरीच बसले आहेत. त्यांना सांगा, की निकष बदलले आहेत. आधी दारात मोटारसायकल किंवा घरात फ्रिज असला तरी नाव कटायचं. आता तसं नाही. कुटुंबातल्या कुणाची कमाई महिन्याला १० हजारांवर गेली तर नाव जायचं, ती मर्यादा १५ हजार झाली आहे. जमिनीची अट मात्र आजही आहे: बागायत अडीच एकर किंवा कोरडवाहू पाच एकर असेल तर घरकुल नाही. इथे एक गोष्ट फार नडते. भावाभावांत वाटण्या होऊन वीस वर्षं झाली, चुली वेगळ्या झाल्या, तरी सातबारा अजून एकत्रच. वाट्याला दीड एकर आलेला भाऊ कागदावर सहा एकरांचा धनी दिसतो. असं घर दिसलं तर त्यांना तलाठ्याकडे घेऊन जा आणि फेरफार करून घ्यायला लावा.

किनवट-माहूरच्या मंडळींना वेगळं सांगणं आहे. कोलामांसाठी २०२३ पासून ‘पीएम जनमन’ योजना आहे आणि तिच्यात घराला २ लाख रुपये मिळतात. इतर आदिवासींना शबरी, अनुसूचित जातींना रमाई घरकुल योजना आहे. कागद कुठे द्यायचा हे पाड्यावरच्या माणसाला कुणी सांगत नाही, तुम्ही सांगा. ज्याला जागाच नाही, त्याला दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा घ्यायला १ लाखापर्यंत मदत आहे.

आता पैशाचं. प्रधानमंत्री आवास योजनेचे १ लाख २० हजार हप्त्याहप्त्याने येतात. सिमेंट-सळईच्या आजच्या भावात ते स्लॅबपर्यंत पोचत नाहीत, हे जोत्यावरच थांबलेली घरं पाहिली की कळतं. मग माणूस सावकाराचं दार धरतो. त्याआधी एवढं त्याच्या कानावर घाला, की घरकुल मंजूर असलेल्याला बँकेकडून ७० हजारांपर्यंत कर्ज घेण्याची सोय याच योजनेत आहे. त्याहून मोठं कर्ज हवं असेल तर घराचा कागद लागतो, आणि नुसत्या नमुना आठवर बँक सहसा राजी होत नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांवर ड्रोन फिरले ते यासाठीच. तुमच्या गावची मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून मिळकत पत्रिका काढून आणा. नाव मयत आजोबांचं असेल तर वारस नोंद आधी करा, विधवा सुनेचं नाव त्यात गाळू नका.

यादीत नाव लावतो म्हणून कुणी पैसे मागितले, तर देऊ नका. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे.

पक्कं घर म्हणजे काय, हे आपल्या भागाला वेगळं सांगावं लागू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी आणि आसपासच्या गावांत दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं माळवद झोपेतल्या माणसांवर कोसळलं. सुमारे आठ हजार माणसं गेली. तसल्याच भिंतींत आजही आपले शेजारी निजतात, पावसाळ्यात ओल चढली की अंथरूण या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकवतात.

ग्रामसभेत यादी मोठ्याने वाचून दाखवा, असा आग्रह धरा. सुटलेली नावं लेखी द्या आणि अर्जाची पोच घ्या. कुणी आधीच गावाबाहेर गेलं असेल तर सभेतूनच त्याला फोन लावा, आधार आणि बँक पासबुकाचे फोटो मागवून घ्या.