शिकायचं वय आणि चालवायचं वय

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शेने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. बाल न्याय मंडळाने इतर अटींबरोबर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून मुलाला जामीन दिला, आणि देशभर संताप उसळला. त्या गदारोळात दोन मतं ऐकू आली. वाहन चालवण्याचं वय १८ वरून २१ करा, हे एक. दुसरं जरा दबक्या आवाजात: पोरं चालवतातच, तर १६ करून मोकळे व्हा. मला दोन्ही मान्य नाहीत. हा वाद पोर्शेवरून पेटला खरा, पण त्याचा निकाल बीरगांवसारख्या ठिकाणी लावून बघावा.

बीरगांव म्हणजे रायपूरच्या उत्तरेची, बिलासपूर रस्त्यालगतची कामगारवस्ती. एका अंगाला उरला, पुढे सिलतरा. स्पंज आयर्नचे कारखाने, रोलिंग मिल आणि त्यांचा माल वाहणारे ट्रेलर. इथला मुलगा गाडी शिकतो ती बापाच्या कारवर नव्हे. तो हेल्पर म्हणून ट्रकवर चढतो. काचा पुसतो, टायरवर टॉमी आपटून हवेचा अंदाज घेतो, ट्रक मागे येताना ‘आने दो, आने दो’ ओरडत पत्र्यावर थापा मारतो. एखाद्या दिवशी उस्ताद, म्हणजे ट्रकचा ड्रायव्हर, खाटेवर जेवायला बसलेला असताना म्हणतो, जरा गाडी पुढे घे. तोच पहिला धडा. मग उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचवायचं, समोरच्याला अपर-डिपर मारून दटावायचं, हेही त्याच शाळेत शिकून होतं.

कायद्याच्या लेखी हा मुलगा अस्तित्वातच नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ४ सांगतं, सार्वजनिक जागी १८ च्या आत कार नाही, २० च्या आत मालवाहू गाडी नाही. मालवाहू गाडीचा शिकाऊ परवानासुद्धा हलक्या वाहनाचा परवाना वर्षभर जवळ असल्याशिवाय मिळत नाही. कागद चोख आहे. त्या कागदामागे पोरगा दोन-चार वर्षं चोरून शिकतो.

आता २१ वाल्यांना एकच विचारायचंय. चोरून शिकण्याची ही मुदत तीन वर्षांनी वाढवून नेमकं काय साधणार? नवशिका एकविसाव्या वर्षीही नवशिकाच असतो. वयाने थोडा पोक्तपणा येतो हे कबूल, पण आरसा बघण्याची सवय वाढदिवसाबरोबर येत नाही. शिवाय पुण्याचा तो मुलगा १८ च्याच मर्यादेने अडायला हवा होता. जी मर्यादा कुणी पाळली नाही, ती आणखी वर नेल्याने पाळली जाईल, हा तर्क मला तरी कळत नाही.

१६ वाल्यांचा युक्तिवाद वरवर व्यवहारी वाटतो. जे चाललंय ते कायदेशीर करा! या न्यायाने उद्या हेल्मेटही काढून टाकता येईल. शिवाय उलटं उदाहरण आहे: न्यूझीलंडमध्ये पंधराव्या वर्षी शिकाऊ परवाना मिळत असे. २०११ मध्ये त्यांनी ते वय १६ वर नेलं. आपल्याकडे सोळाव्या वर्षाची सवलत आजही आहे, पण ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला. लूनाच्या जमान्यात तिला अर्थ होता. आज शिकवणीच्या वर्गाबाहेर ज्या स्कूटरी उभ्या असतात, त्या ११० किंवा १२५ सीसीच्या. सवलत राहिली, तिच्यात बसणारी गाडी बाजारातून गेली, आणि सोळा वर्षांचं पोर त्या मोठ्या स्कूटरवर ट्रिपल सीट चाललंय.

दोन्ही पक्ष एकच चूक करतात: शिकण्याचं वय आणि एकट्याने चालवण्याचं वय एकच धरतात. कारच्या बाबतीत कायदाही तेच धरतो. अठराव्या वाढदिवसापर्यंत स्टिअरिंगला हात नाही. त्यानंतर शिकाऊ परवाना, आणि ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी. त्या ३० दिवसांत उमेदवाराने किती तास गाडी चालवली, हे कुणी विचारत नाही. चाचणीत उतरला की त्याच रात्री तो ट्रेलरच्या रांगेत एकटा.

स्वीडनने १९९३ मध्ये सरावाचं वय १६ वर आणलं, परवान्याचं १८ वरच ठेवलं. ज्यांनी लवकर सुरुवात केली, त्यांच्या सरावाचे तास दुपटीहून अधिक झाले आणि पुढे त्यांचे अपघात कमी झाले. जर्मनीत १७ व्या वर्षी गाडी चालवायला मिळते, पण शेजारी नाव नोंदवलेला, किमान तीस वर्षांचा, पाच वर्षं परवाना बाळगलेला माणूस लागतो.

यावर हमखास उत्तर येतं, हे युरोपात ठीक, इथे बाप सही करेल आणि पोर एकटं पळवेल. पळवेलही. म्हणूनच २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९ अ कडक हवं. अल्पवयीनाने गुन्हा केला तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, मुलाला २५ व्या वर्षापर्यंत परवाना नाही. पण त्याच कलमात एक अपवाद आहे: मुलाकडे शिकाऊ परवाना असेल आणि तो परवान्यातलीच गाडी चालवत असेल, तर पालकावर ही जबाबदारी येत नाही. म्हणजे शिकणारा आणि पळवणारा यांतला फरक कायद्याला कळतो. कारपुरती मात्र सतरा वर्षांच्या शिकणाऱ्याला त्याने जागाच ठेवलेली नाही.

बीरगांवातला खरा आक्षेप वेगळाच आहे आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. ज्याच्या घरी गाडी नाही, बापाकडे परवाना नाही, त्याच्या शेजारी बसणार कोण? इथे सरकारलाच खर्च करावा लागेल. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांसाठी हलक्या वाहनाचा २९ तासांचा अभ्यासक्रम २०२१ च्या नियमांत तयार आहे. तो आयटीआयच्या आवारात, दुहेरी ब्रेकच्या गाडीवर, १७ व्या वर्षापासून फुकट शिकवा. कलम ४ मधली ५० सीसीची मेलेली सवलत काढा आणि तिथे लिहा: १७ पूर्ण झालेल्याला शिकाऊ परवाना, शेजारी प्रशिक्षक किंवा नोंदवलेला परवानाधारक, रात्री बंदी, एकट्याने १८ आधी नाही, आणि तासांची नोंदवही भरल्याशिवाय पक्की चाचणी नाही.