वायरीत गाणं असतं का?

दीड मीटर वायर. किंमत ४९९ डॉलर. सोन्याची? छे, नेटवर्कची! डेनॉन या जपानी ऑडिओ कंपनीने २००८ च्या सुमारास ती बाजारात आणली आणि सिग्नल कुठून कुठे जायचा हे कळावं म्हणून तिच्यावर चक्क बाणही छापले. नेटवरच्या टवाळ मंडळींनी तिची अशी काही खिल्ली उडवली, की केबलपेक्षा ती खिल्लीच जास्त गाजली. पण म्हणून हा धंदा बंद पडला का? नाव नको. ‘ऑडिओफाइल’ असा शिक्का मारलेली इथरनेट केबल आजही एखाद्याच्या महिन्याच्या पगाराएवढ्या किमतीत मिळते. आणि गिऱ्हाईक कोण? तुम्ही-आम्हीच. स्ट्रीमर घेतो, बरे स्पीकर घेतो, ईएमआय सुरू होतो आणि तेवढ्यात ऑफिसमधला एखादा जाणकार कानात सांगतो, ‘एवढं केलंस, मग केबल कशाला साधी?’ झालं! किडा वळवळायला लागतो.

माझ्या डोक्यात हा किडा वळवळला तो गोंदियाच्या घरासाठी. नोकरी पुण्यात, आईबाबा गोंदियात, मधे अख्खा महाराष्ट्र, अशी आमची कहाणी. बाबा रिटायर झालेत. त्यांच्या कॅसेट्सना बुरशी लागली, टेपरेकॉर्डरने मान टाकली. म्हणून त्यांना एक छोटा स्ट्रीमर, अॅम्प्लिफायर आणि स्पीकरची जोडी घेऊन दिली. आता वसंतराव आणि कुमार गंधर्व मोबाइलवरच्या एका टिचकीसरशी हजर! अडचण एकच. घर जुनं आणि लांबट. राउटर रस्त्याकडच्या खोलीत, बाबांची खुर्ची पार मागच्या खोलीत, मधे जाडजूड भिंती. वाय-फाय अंगणापर्यंत येतं आणि तिथेच दम टाकतं. तान रंगात आली की गाणं अडकतं. म्हणजे केबल टाकणं आलं. पण कोणती?

बाबांनी मुद्द्यालाच हात घातला. म्हणाले, ‘काहून वं, महाग वायरीतून आलं तर गाणं जास्त गोड होते का?’

गोंदिया म्हणजे भातगिरण्यांचं शहर. तेव्हा उत्तरही त्याच भाषेत. स्ट्रीमिंगमध्ये गाण्याचे आधी आकडे होतात. हे आकडे छोट्या छोट्या पोत्यांत भरून निघतात, त्यांना पॅकेट म्हणायचं. प्रत्येक पोत्यावर हिशेबाचं सील असतं. पोचल्यावर सील जुळलं नाही, तर ते पोतं बाद. बहुतेक स्ट्रीमिंगमध्ये तेच पोतं मागून पुन्हा मागवलं जातं. शिवाय स्ट्रीमरच्या पोटात एक गोदाम असतं, म्हणजे बफर. तिथे काही सेकंदांचा माल आधीच येऊन पडलेला असतो आणि गिरणी त्या मालावर, स्वतःच्या घड्याळाने चालते. ट्रक डांबरी रस्त्याने आला की सिमेंटच्या, याने भाताची चव बदलत नाही. रस्ताच वाहून गेला तर माल पोचणार नाही, गाणं अडकेल, बंद पडेल. पण ‘बासरी जरा कमी मुलायम वाटतेय’ असला प्रकार केबलमुळे होत नाही.

आता थोडं गणित. सीडीच्या दर्जाच्या गाण्याला सेकंदाला साधारण १.४ मेगाबिट लागतात. २४ बिट, १९२ किलोहर्ट्झवालं एकदम हाय-फाय गाणं घेतलं तरी सव्वानऊच्या आसपास. आणि साधी कॅट-५ई केबल १०० मीटरपर्यंत १००० मेगाबिट वाहून नेते! म्हणजे सहापदरी एक्स्प्रेस-वेवर एक बैलगाडी. कॅट-६ घेतली तर तीच केबल ५५ मीटरपर्यंत १० गिगाबिटही पेलते, म्हणजे पुढच्या बऱ्याच वर्षांचं टेन्शन नाही. कॅट-८? ती डेटा सेंटरमधल्या ३० मीटरच्या आतल्या जोडण्यांसाठी आहे. बाबांच्या खुर्चीसाठी नाही. २०१५ साली ‘आर्स टेक्निका’ने लास व्हेगासमध्ये लोकांना महागडी आणि साधी केबल कोणती ते न सांगता ऐकवून पाहिलं. ओळखता आलं नाही कुणाला.

मग काय, हाताला लागेल ती केबल उचलायची? थांबा. फरक आहे, फक्त तो जाहिरातीत दाखवतात तिथे नाही.

पहिला फरक तांब्याचा. बाजारात ‘सीसीए’ नावाचा प्रकार धडाक्यात विकला जातो. आत अॅल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. ‘मॅडम, कॉपर ही है,’ असं आमच्याकडचा दुकानदारही अगदी छातीठोकपणे म्हणाला. मी ब्लेडने तार खरवडली. आत चांदीसारखी चकचकीत! हीच ती. ही वाकवताना लवकर तुटते, विजेला जास्त अडवते आणि कॅट-६ च्या प्रमाणित व्याख्येत बसतच नाही. खोक्यावर ‘सॉलिड कॉपर’ किंवा ‘बेअर कॉपर’ लिहिलंय का बघा आणि तरीही खरवडून बघा.

दुसरा फरक अर्थिंगचा. महाग केबल्सना बहुतेक वेळा धातूचं आवरण आणि धातूचे कनेक्टर असतात. ऐकायला भारी. पण इथरनेटच्या पोर्टमध्ये विजेची फारकत करणारे छोटे ट्रान्सफॉर्मर आधीच बसवलेले असतात. धातूचं आवरण दोन्ही टोकांना जोडलं, की त्या फारकतीला वळसा घालून राउटर आणि स्ट्रीमरच्या बॉडी एकमेकींना जोडल्या जातात. अर्थिंग धड नसेल तर स्पीकरमधून ‘हूं’ अशी घरघर येऊ शकते. जुन्या घरांत तीन पिनांच्या सॉकेटचं वरचं भोक पुष्कळदा नुसतं शोभेला असतं. आमच्याकडेही होतं. म्हणून घरात आवरण नसलेली साधी यूटीपी केबल उत्तम आणि वाचलेल्या पैशात इलेक्ट्रिशियनला बोलवून आधी अर्थिंग.

तिसरा फरक ऊन, उंदीर आणि विजांचा. पूर्व विदर्भातला मे महिना काही पुण्यातला नव्हे. घरातली पीव्हीसी केबल गच्चीवरून उघडी नेली तर उन्हाने तिचं कव्हर तडकतं. बाहेरून न्यायचीच तर आउटडोअर केबल घ्या. आत केसिंग पट्टी किंवा पाइप वापरा, म्हणजे उंदरांची मेजवानी टळते. विजेच्या वायरींच्या पाइपात मात्र ती कोंबू नका. वळवाच्या पावसाआधी कडकडाट सुरू झाला, की प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवायची. दोन वेगळ्या इमारती जोडायच्या असतील तर धातू नसलेली ऑप्टिकल फायबर बरी. काचेतून वीज धावत नाही.

आमच्या घराला लागली बावीस मीटर कॅट-६. एका पार्टीतल्या पिझ्झाच्या बिलात काम झालं. अडकणं बंद. पण बाबा आवाज वाढवतच होते. ‘तानपुरा ऐकू येते, झांजा येत नाहीत,’ म्हणायचे. हा केबलचा प्रॉब्लेम नव्हता. वय वाढलं की कान आधी वरच्या पट्ट्या सोडून देतात, हळूच, न सांगता. माणसाला वाटतं मशीन बिघडलंय. मग घरचे नवं मशीन आणतात, नवी वायर आणतात. बाबांच्या कानांची तपासणी केली तेव्हा खरं कारण कळलं. आता एका कानाला यंत्र आहे आणि खुर्ची स्पीकरच्या दोन हात जवळ सरकली आहे. हा एवढा फरक जगातल्या कुठल्याही बाणवाल्या केबलने पडला नसता.

तेव्हा मंडळी, फंडा सोपा आहे. मीटर टेपने अंतर मोजा. अस्सल तांब्याची कॅट-६ यूटीपी घ्या, ती पट्टीत लपवा आणि विसरून जा. वाचलेला पैसा आधी अर्थिंगवर, मग स्पीकरवर. आणि गावी जाल तेव्हा अर्धा तास आईबाबांच्या शेजारी बसून तेच गाणं ऐका. त्यांना काय ऐकू येत नाही, हे कुठल्याच केबलच्या खोक्यावर छापलेलं नसतं.