सुरतेत घर घेताना भावाआधी पाणी पाहा

नंदुरबार : समुद्रकिनारा नसलेल्या नंदुरबार जिल्ह्याला सर्वांत जवळचे किनारी महानगर मुंबई नसून सुरत आहे. उधना-जळगाव लोहमार्ग आणि नवापूरमार्गे जाणारा धुळे-सुरत महामार्ग यांनी जिल्हा या शहराशी जोडला गेला आहे. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत कापड उद्योगाच्या आश्रयाने हजारो खान्देशी कुटुंबे स्थिरावली आहेत. त्यामुळे जिल्ह्यातील शिक्षक, व्यापारी वा निवृत्त कर्मचारी यांनी आयुष्याची पुंजी गुंतवण्यासाठी सुरतेकडे पाहणे स्वाभाविक आहे. प्रश्न आहे तो पाहण्याच्या निकषांचा.

शहराच्या वाढीविषयी दुमत नाही. २००१ च्या जनगणनेत सुमारे २४ लाख असलेली लोकसंख्या २०११ मध्ये ४४ लाखांवर गेली. त्यात २००६ च्या हद्दवाढीचाही वाटा होता. मात्र शहर वाढले म्हणून प्रत्येक सदनिकेचे मोल वाढतेच असे नाही. खजोद येथील डायमंड बोर्सचे डिसेंबर २०२३ मध्ये उद्घाटन झाले. चार हजारांहून अधिक कार्यालयांची ही भव्य वास्तू उभी राहिली, पण मुंबईतील हिरे व्यापार अपेक्षित वेगाने तेथे गेला नाही. पुढे २०२५ मध्ये अमेरिकेने वाढीव आयातशुल्क लादल्याने हिरे आणि कापड या दोन्ही व्यवसायांना झळ बसली. शहराची रोजीरोटी मुख्यतः याच दोन व्यवसायांवर अवलंबून असल्याने त्यांतील मंदी घरभाड्यांपर्यंत पोहोचते.

दुसरा निकष पाण्याचा. प्रकाशा आणि सारंगखेडा येथून वाहणारी तापी उकाई धरणामार्गे सुरतेला पोहोचते. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सुमारे ९ लाख क्युसेकपर्यंत पाणी सोडावे लागले आणि शहराचा बहुतांश भाग पाण्याखाली गेला. समुद्राला भरती असली की नदीचा निचरा मंदावतो, हे किनारी शहराचे वैशिष्ट्य आहे. धोका केवळ तापीचाही नाही. शहरातून वाहणाऱ्या खाड्यांना जून २०२५ मध्ये पूर आला, तेव्हा तापीपासून दूर असलेल्या वस्त्यांतही पाणी शिरले. खान्देशी वस्तीचा लिंबायत परिसर मिठी खाडीलगतच आहे. स्वस्त घराच्या किमतीत हा धोका दडलेला असू शकतो.

तिसरा निकष कागदपत्रांचा. गुजरातमध्ये नगररचना योजनेत मूळ भूखंडाचा काही भाग रस्ते व सार्वजनिक सोयींसाठी वजा होऊन मालकाला अंतिम भूखंड मिळतो. म्हणून व्यवहारापूर्वी अंतिम भूखंड क्रमांक तपासणे आवश्यक ठरते. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला सहसा घेता येत नाही. शहराच्या काही भागांत अशांत क्षेत्र कायदा लागू असून तेथे मालमत्ता हस्तांतरणासाठी जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. कागदपत्रे गुजरातीत असल्याने स्थानिक वकिलाचा खर्च सुरुवातीलाच गृहीत धरावा. नव्या प्रकल्पाची नोंद गुजरात रेराच्या संकेतस्थळावर पाहता येते. तयार इमारतीचा वापर परवाना व बांधकामाचा दर्जाही दुर्लक्षून चालणार नाही. जुलै २०२४ मध्ये सचिन परिसरात फार जुनी नसलेली इमारत कोसळून सात जणांचा बळी गेला.

या तिन्ही कसोट्यांवर पाहता, मुलांचे शिक्षण वा नोकरी सुरतेत असेल आणि घर स्वतःच्या वापरासाठी असेल, तर हा निर्णय योग्य ठरू शकतो. भाड्यासाठी घेताना आसपासच्या रोजगाराची स्थिती पाहावी. कर्ज काढून, केवळ दोन-तीन वर्षांत भाव चढेल या भरवशावर घर घेणे मात्र मध्यमवर्गीयाला पेलणारे नाही. दलाल ग्राहकाला हिवाळ्यात घर दाखवतो. ग्राहकाने ते ऑगस्टमध्ये, भरतीच्या दिवशी पुन्हा पाहावे आणि २००६ मध्ये पाणी कुठवर आले होते, हे शेजाऱ्यांना विचारावे.