तोफेवरचं नाव

‘काळ्या दगडावरची रेघ’ हा वाक्प्रचार तुम्ही परीक्षेत कधी ना कधी लिहिला असणारच. अर्थ : कधीही न पुसली जाणारी गोष्ट. गुण दोन! पण ही रेघ खरीखुरी पाहायची असेल तर कुठे जाल? नेवाशाला जा. अहिल्यानगर जिल्ह्यात (२०२४ पर्यंत त्याला आपण अहमदनगर म्हणायचो), प्रवरेच्या काठी हे गाव आहे. तिथल्या एका दगडी खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली, असं वारकरी मानतात. साल शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. लोक त्या खांबाला ‘पैस’ म्हणतात. येणारा प्रत्येक जण त्याला हात जोडतो. पण खांबावर अक्षरं कोरलेली आहेत, हे थोड्याच जणांच्या ध्यानात येतं. देवापुढच्या दिव्याला तेल मिळावं म्हणून कोणी दान दिलं, त्याची ती नोंद आहे. तेल कधीच जळून गेलं, मूळचं देऊळही राहिलं नाही. नोंद मात्र शिल्लक आहे.

तर आजचा आपला विषय आहे कोरणं. पण दगडावर नव्हे, धातूवर. आणि तेही बंदुकांवर आणि तोफांवर! ‘बंदुकीला कसली आलीय नक्षी?’ असं म्हणू नका. पुढे वाचा.

तांब्याची माळ

नेवाशाला लाडमोड नावाचं एक टेकाड आहे. १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांचे सहकारी यांनी तिथे उत्खनन केलं. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती मातीखालून वर आली. त्या लोकांची हत्यारं बहुतेक दगडाच्या पात्यांची होती. तांबं होतं, पण थोडं. आणि एवढ्याशा तांब्यातूनही त्यांनी काय केलं असेल? एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली. मण्यांच्या आत दोऱ्याचा अंशसुद्धा टिकून राहिला होता!

म्हणजे बघा, धातू हाती आला की माणूस नुसती कुऱ्हाड करून थांबत नाही. त्याला सजवायचंही असतं. ही हौस पुढे बंदुकीपर्यंत पोचली.

‘ठासणीची’ म्हणजे काय?

आजच्या बंदुकीत काडतूस मागच्या बाजूने भरतात. जुन्या बंदुकीत सगळं काही नळीच्या तोंडातून भरावं लागे. आधी मोजून दारू ओतायची. मग कागदाचा किंवा चिंधीचा बोळा आणि शिशाची गोळी. मग लांब गजाने सगळं घट्ट ठासायचं. म्हणून ती ठासणीची बंदूक. नळीच्या मागच्या टोकाला एक बारीक भोक असे, तो बंदुकीचा ‘कान’. कानाशी चिमूटभर बारीक दारू ठेवत, तिला म्हणत रंजक. आणि तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली सुती दोरी. ती उदबत्तीसारखी धुमसत राहायची. चाप ओढला की तोडा रंजकावर टेके, ठिणगी कानातून आत जाई आणि बार उडे!

या बंदुका गेल्या, पण आपल्या बोलण्यात अजून आहेत. ‘ठासून भरणे’, ‘ठासून सांगणे’, ‘बत्ती देणे’, ‘फुसका बार’... आहे की नाही गंमत?

अशी बंदूक कारखान्यात हजारांनी तयार होत नसे. नळी लोहार करी, दस्ता सुतार करी आणि नक्षीगार शेवटचा हात फिरवी. एकेका बंदुकीला दिवसच्या दिवस लागत. साहजिकच ती महाग असे. मालकाला वाटे, आपली बंदूक चारचौघांत उठून दिसावी. म्हैसूरच्या टिपू सुलतानाला वाघ फार प्रिय. त्याच्या बंदुकांवर वाघाची तोंडं आणि वाघाचे पट्टे दिसतात. तिकडे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात, अठराव्या शतकात जर्मनीहून आलेले कारागीर लांब नळीच्या रायफली करत. नळीच्या आतून पिळाच्या खाचा पाडल्या की गोळी भोवऱ्यासारखी फिरत सरळ जाते. अशा खाचांची बंदूक म्हणजे रायफल. गोळी तेलकट चिंधीत गुंडाळून ठासायची. त्या चिंध्या ठेवायला लाकडी दस्त्यातच एक छोटा कप्पा असे आणि त्याला पितळेचं झाकण. त्या वीतभर झाकणावर वेलबुट्टी कोरलेली! अशा रायफली हाताने घडवणारे आणि कोरणारे हौशी कारागीर तिकडे आजही आहेत.

मैदानाचा धनी

पण एवढं लांब कशाला जायचं? ठासणीच्या शस्त्रांमधला एक महाकाय नमुना नेवाशाच्याच जिल्ह्यात जन्माला आला. त्याचं नाव मलिक-ए-मैदान, म्हणजे मैदानाचा धनी. बुऱ्हाण निजामशहाच्या काळात, १५४९ साली, ही तोफ अहमदनगरात ओतली गेली. लांबी चौदा फुटांहून थोडी जास्त, वजन सुमारे ५५ टन. म्हणजे दहा-अकरा हत्ती एकत्र तोलल्यासारखं! नळीचा व्यास सुमारे ७० सेंटिमीटर. तुमच्याएवढा मुलगा अंग चोरून आत बसू शकेल.

तोफेचं तोंड एका विक्राळ प्राण्याच्या जबड्यासारखं आहे आणि त्याच्या दातांत सापडलेत हत्ती! अंगावर अक्षरं आहेत. त्यांत निजामशहाचं नाव आहे आणि ज्याने ती घडवली त्या मुहम्मद बिन हुसेन रूमीचंही. ‘रूमी’ म्हणजे तुर्कस्तानाकडचा. राजाच्या नावाबरोबर कारागिराचं नाव! आपल्याकडे हे फार क्वचित दिसतं.

१६३२ मध्ये ही तोफ परांड्याच्या किल्ल्यातून विजापूरला गेली. १६८६ मध्ये औरंगजेबाने विजापूर जिंकलं, तेव्हा आपल्या विजयाची नोंदही त्याने त्याच तोफेवर करवली. आता विचार करा. तोफ ओतून तोवर १३७ वर्षं झालेली. म्हणजे ही अक्षरं साच्यातून येणं शक्यच नाही. कोणीतरी बुरुजावर उन्हात बसून, छिन्नी-हातोडीने एकेक अक्षर कोरलं असणार. त्याचं नाव मात्र तिथे नाही.

कोरायचं कसं?

धातूवर नक्षी काढायच्या मुख्य रीती तीन.

पहिली ठोकायची. पत्र्याखाली राळ भरतात, म्हणजे पत्रा फाटत नाही. मग बोथट छिन्नीने ठोकून आकार वर उठवतात किंवा खाली दाबतात. यात धातू फक्त सरकतो, निघत नाही.

दुसरी कोरायची. यात धातू खरवडून बाहेर काढतात. हत्यार म्हणजे टोक तिरकं घासलेली बारीक पोलादी सळई, आपली कोरणी. मूठ तळहातात धरायची आणि टोक पुढे ढकलायचं. पेन्सिलीला टोक काढताना निघते तशी धातूची बारीक कुरळी साल निघते. खरी गंमत वळणावर आहे. वेल वळवायची तर नवशिका हात वळवतो आणि कोरणी सटकते. जाणता कारागीर हात जागच्या जागी ठेवतो आणि दुसऱ्या हाताने वस्तूच फिरवतो. त्यासाठी वस्तू वाळू भरलेल्या चामड्याच्या उशीवर ठेवतात.

तिसरी आहे कोफ्तगिरी. लोखंडावर आधी आडव्या-उभ्या बारीक रेघा मारून ते खरबरीत करायचं. त्यावर सोन्याची किंवा चांदीची तार ठेवून ठोकायची. तार त्या खाचांत घट्ट बसते. मग घोटून चमकवायची. तलवारीच्या मुठी आणि बंदुकांच्या नळ्या अशा सजवत.

आता एक प्रश्न. पोलादानेच लोखंड कसं कोरलं जातं? उत्तर आहे ‘पाणी देणं’. कोरणी लाल तापवून एकदम थंड केली की ती फार कडक होते, पण काचेसारखी ठिसूळही होते. म्हणून ती पुन्हा हलकी तापवतात. तिच्यावर वाळल्या गवतासारखा पिवळा रंग आला की थांबायचं. आता ती कडकही आहे आणि मोडतही नाही. तांब्याचं याहून वेगळं. तांबं ठोकून ठोकून कडक होतं आणि तापवलं की पुन्हा मऊ पडतं. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम करणाऱ्यांना हे पुस्तकातून शिकावं लागत नाही, हाताला कळतं.

चिलखतावरून पुस्तकात

पाचशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या आउग्सबुर्ग गावी डॅनियल हॉप्फर नावाचा कारागीर होता. चिलखतांवर तो आम्लाने नक्षी खायला लावून उमटवी. पुढे त्याने तीच युक्ती लोखंडी पत्र्यावर केली, खाचांत शाई भरली आणि कागद दाबला. चित्र छापून निघालं! लढाईच्या सामानावरची कला अशी कागदावर आली.

आपल्याकडेही पाहा. भगवद्गीता तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापावी, अशी कल्पना नाना फडणवीसांच्या मनात होती. इंग्रज वकील मॅलेट पुण्यात होता, त्या काळात ही विद्या पुण्यातल्या एका तांबटाने शिकली होती. नाना १८०० साली वारले. पण काम बुडालं नाही. मिरजेच्या गंगाधरराव पटवर्धनांनी ते पुरं करवलं आणि १८०५ मध्ये गीता छापून निघाली. भांडी घडवणारा हात पुस्तक घडवू लागला!

दीडशे रुपये फक्त

आता थोडं गंभीर. १८५४ साली इंग्रज सरकारने मलिक-ए-मैदान लिलावात काढली. बोली आली किती? दीडशे रुपये! सौदा पुढे रद्द झाला, म्हणून ती तोफ आजही विजापुरात बुरुजावर आहे. सौदा झाला असता तर? ५५ टन धातू वितळला असता आणि मुहम्मद बिन हुसेन रूमी हे नाव त्याच्याबरोबर वितळलं असतं.

‘तोफेचं ठीक आहे, आमचा काय संबंध?’ असं म्हणाल. संबंध आहे. तुमच्या घरचा जुना पितळी हंडा, तांब्या, परात यांच्या काठावर नाव आणि तारीख असते. भांड्यांवर नावं घालणारे बारीक छिन्नीने टिंबाटिंबांनी ती कोरत. पुढे थरथरणाऱ्या सुईचं यंत्र आलं, आता तर लेसरही आला. त्या नावांकडे जरा नीट पाहा. शेताच्या कागदांवर, घराच्या कागदांवर बहुतेक वेळा पणजोबांचं नाव सापडतं. पणजीचं कुठे सापडतं? पुष्कळ घरांत ते फक्त त्या भांड्यावरच असतं. लग्नाची तारीख, कधी माहेरचं गाव, आहेर देणाऱ्याचं नाव असं सगळं एवढ्याशा जागेत. आणि दिवाळीच्या साफसफाईत हीच भांडी मोडीत जातात. मोडवाला वजन बघतो, अक्षरं वाचत नाही. भट्टीत गेल्यावर ती कोणालाच वाचता येणार नाहीत.

सगळी भांडी ठेवा, असं मी म्हणत नाही. घरं लहान आहेत, हे मलाही कळतं. पण देण्याआधी वाचा तरी. एक वही करा. भांड्याचं नाव, त्यावरचा मजकूर आणि ते कोणी कोणाला दिलं हे आजी-आजोबांना विचारून लिहा.

करून पाहा

१) अक्षरं झिजली असतील तर त्यांवर पातळ कागद घट्ट धरा आणि पेन्सिल आडवी करून हलके घासा. डोळ्यांना न दिसणारी अक्षरंही कागदावर उमटतात. शिलालेखांचे ठसे घेण्यामागचं तत्त्व हेच आहे. मात्र खऱ्या शिलालेखावर हा प्रयोग करायचा नाही. तेल, शेंदूर, खडू काहीही लावायचं नाही.

२) साबणाच्या वडीवर बोथट काडीने आपलं नाव कोरा. त्यावर जाडसर जलरंग लावून कागद दाबा. नाव उलटं आलं ना? आता आरशात बघून कोरा. छपाईसाठी कोरणाऱ्याला सगळं असं उलटं कोरावं लागतं.

३) ही एक सूचना. कोणाच्या माळ्यावर जुनी ठासणीची बंदूक दिसली तर हात लावू नका. आत बार भरलेला आहे की नाही, हे बाहेरून कळत नाही. मोठ्यांना सांगा. आणि शेतात, नदीकाठी जमिनीतून जुनी नाणी किंवा भांडी निघाली तर ती घासू नका, विकू नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचं गुप्तधन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. शिक्षकांना सोबत घ्या, म्हणजे काम सोपं होईल.

तर दोस्तहो, या रविवारी वही उघडा. सगळ्यात जुनं साल कोणाच्या घरी सापडतं ते आम्हाला पत्राने जरूर कळवा. आणि हो, त्याच पत्रात पणजीचं नाव लिहायला विसरू नका!