पक्ष खुशाल सोडा, आमचे मत ठेवून जा

प्रति,
अॅड. राहुल नार्वेकर,
अध्यक्ष, महाराष्ट्र विधानसभा

अध्यक्ष महोदय,

विचार पटेनासे झाले म्हणून मीही पक्ष सोडला आहे. सदस्यत्वाचा राजीनामा दिला, ग्रुपमधून बाहेर पडलो. ज्यांच्याबरोबर मतदार याद्या घेऊन नेरूळच्या इमारतींचे जिने चढलो, त्यांतल्या अनेकांनी बोलणे टाकले. त्याबद्दल तक्रार नाही. मत बदलणे माझा हक्क होता आणि त्याची किंमत मी मोजली. निवडून आलेल्या माणसाने पक्ष सोडला की किंमत मतदाराने का मोजायची, एवढे उत्तर मला आपल्याकडून हवे आहे.

एप्रिल 2015 मध्ये नवी मुंबईकरांनी 111 नगरसेवक निवडले. राष्ट्रवादी 52, शिवसेना 38, काँग्रेस 10, भाजप 6, अपक्ष 5. सप्टेंबर 2019 मध्ये गणेश नाईक राष्ट्रवादीतून भाजपमध्ये गेले आणि त्यांच्याबरोबर 48 नगरसेवक गेले. आम्ही 6 जागा दिलेला पक्ष महापालिकेतला सर्वांत मोठा पक्ष झाला. त्यासाठी शहरात एकही मतदान केंद्र उघडले नाही. नाईक तेव्हा आमदार नव्हते, त्यांच्याकडे सोडण्यासारखी जागा नव्हती. नगरसेवकांकडे होती, आणि ती आमची होती. त्यांतले काही 2020 च्या निवडणुकीच्या तोंडावर पुन्हा दुसरीकडे निघाले. मग कोविड आला, निवडणूक पुढे गेली, मे 2020 मध्ये मुदत संपली आणि जानेवारी 2026 पर्यंत शहर प्रशासकाच्या हाती राहिले. म्हणजे 2015 साली दिलेल्या मताचा हिशेब मागायला आम्हाला जवळजवळ अकरा वर्षे थांबावे लागले! तोवर कोण कुठल्या पक्षात होते, हे कार्यकर्त्यांनाही आठवेना.

त्याच सप्टेंबरात साताऱ्यात वेगळे घडले. उदयनराजे भोसले यांनी पक्ष सोडताना खासदारकीचाही राजीनामा दिला. ऑक्टोबरमध्ये पोटनिवडणूक झाली आणि त्यांना हरवून श्रीनिवास पाटील 87 हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. नारायण राणे यांनीही 2005 मध्ये शिवसेना सोडल्यावर आमदारकी सोडली, मालवणच्या मतदारांपुढे पुन्हा उभे राहिले आणि जिंकले. एक हरला, एक जिंकला. दोन्ही ठिकाणी लोकांना विचारले गेले. नवी मुंबईच्या माणसांचे मत सातारा-मालवणपेक्षा हलके आहे का?

कायदा आहे, हे मला माहीत आहे. एकट्याने पक्ष सोडला तर अपात्रता, दोन तृतीयांशांनी मिळून सोडला तर विलीनीकरण. 52 जणांत ही संख्या 35 होते. जे एकाने केले तर मतदारांचा विश्वासघात ठरते, ते पस्तिसांनी केल्यावर तत्त्वनिष्ठा कसे होते? 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश फुटीची पळवाट बंद केली, मोठी वाट उघडी ठेवली.

हे पत्र आपल्यालाच का, तेही सांगतो. शिवसेनेच्या अपात्रता याचिकांवर 10 जानेवारी 2024 रोजी आपण निकाल दिलात; दोन्ही गटांतला एकही आमदार अपात्र ठरला नाही. फेब्रुवारीत राष्ट्रवादीच्या बाबतीतही तेच झाले. त्या दोन निकालांच्या मधे, त्याच जानेवारीत, पक्षांतरबंदी कायद्याच्या फेरविचाराची समिती आपल्या अध्यक्षतेखाली जाहीर झाली. आपण स्वतः शिवसेना, राष्ट्रवादी, भाजप असा प्रवास केला आहे. पक्ष बदलावासा वाटणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी समजावून सांगायला नको. म्हणून त्या समितीत मतदाराची बाजू मांडण्याची जबाबदारी आपल्यावर अधिक आहे.

आमदार-खासदारांसाठी संसदेकडे बोट दाखवता येईल. नगरसेवकांना लागू असलेला 1986 चा अनर्हता कायदा मात्र याच राज्याच्या विधिमंडळाने केलेला आहे. त्यात एवढेच घाला: निवडून आल्यावर पक्ष सोडणाऱ्याने, एकटा असो की अठ्ठेचाळीस, जागा सोडावी आणि सहा महिन्यांत पुन्हा मत मागावे. सभागृहात पक्षाविरुद्ध बोलण्याची त्याला पूर्ण मोकळीक द्या. नव्या महापालिकेला पाच वर्षांची मुदत आहे. तिच्यातला पहिला नगरसेवक पक्ष बदलण्याआधी ही दुरुस्ती सभागृहापुढे यायला हवी.

आपला,
नवी मुंबईचा एक मतदार