मुखवटा आणि हंडा

विक्रमादित्य मोटवाने यांचा ‘भावेश जोशी सुपरहीरो’ हा हिंदी चित्रपट १ जून २०१८ रोजी प्रदर्शित झाला आणि तिकीटबारीवर सपशेल पडला. पुढील काळात मात्र तरुण वर्गात त्याला निष्ठावंत चाहते लाभले. पडलेल्या चित्रपटाची दखल राजकीय साप्ताहिकाने का घ्यावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, या चित्रपटाचा विषय पाणी आहे. आणि पाणीप्रश्नावर तो जो उपाय सुचवितो, त्याचा मोह पडद्याबाहेरही अनेकांना पडतो.

कथानक थोडक्यात असे. २०११ च्या भ्रष्टाचारविरोधी आंदोलनाने भारावलेले मुंबईच्या उपनगरातील काही मित्र कागदी पिशव्यांचे मुखवटे घालून नागरी बेशिस्तीविरुद्ध छोट्या मोहिमा काढतात. आंदोलन ओसरते, उत्साह मावळतो. त्यांपैकी सिकंदर परदेशी जाण्यासाठी पासपोर्ट मिळविताना लाच देऊन मोकळा होतो. भावेश मात्र सार्वजनिक पाणी पळवून टँकरने विकणाऱ्या टोळीच्या मागे लागतो आणि मारला जातो. मग सिकंदर मुखवटा चढवितो, मोटारसायकल सज्ज करतो आणि एकट्याने लढाई सुरू करतो.

चित्रपटाचे गुण नाकारण्याचे कारण नाही. या नायकाला दैवी शक्ती नाही. तो मार खातो, थकतो. खलनायक परग्रहावरचा नसून आपल्या ओळखीचा स्थानिक पुढारी आहे. निशिकांत कामत यांनी ती भूमिका केली आहे. ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) या मराठी चित्रपटात संतापून हाती बॅट घेतलेला मध्यमवर्गीय माणूस रंगविणारे दिग्दर्शक ते हेच. परंतु जेथे प्रश्न खऱ्या अर्थाने सुरू होतो, नेमक्या तेथेच ‘भावेश जोशी’ पाठलाग आणि हाणामारी यांच्या आश्रयाला जातो.

त्याचा पहिला दोष अर्थशास्त्रीय आहे. टँकरचा धंदा एका दुष्टाच्या दुष्टपणातून उभा राहत नाही. नळाचे पाणी स्वस्त परंतु अपुरे, आणि टँकरचे पाणी महाग परंतु हजर, या तफावतीतून तो उभा राहतो. ही तफावत कायम असेतोवर एक टँकरवाला गेला तर त्याची जागा दुसरा घेतो. ज्यांच्या दारी नळ नाही ते गरीबच दर लिटरमागे अधिक पैसे मोजतात. खलनायकाला लोळविल्याने या हिशेबातील एक आकडाही बदलत नाही.

छत्रपती संभाजीनगराच्या, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादच्या, अनुभवावर हा चित्रपट घासून पाहावा. सतराव्या शतकात मलिक अंबरच्या नहरींनी ज्या नगरीला पाणी पुरविले, तिला आज सुमारे ५० किलोमीटरवरील जायकवाडीतून पाणी आणावे लागते. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात पोहोचली होती; भार मात्र मुख्यतः ७०० आणि १४०० मिलिमीटर व्यासाच्या जुन्या जलवाहिन्यांवर होता. २०१४ मध्ये पाणीपुरवठा खासगी कंपनीच्या हाती गेला. नागरिकांचा विरोध वाढला आणि २०१६ मध्ये महापालिकेला करार रद्द करावा लागला. २०१९ मध्ये १,६८० कोटी रुपयांची नवी योजना मंजूर झाली. तिचा खर्च पुढे सुमारे २,७४० कोटींवर गेला. या कहाणीत खलनायक कोण? एकही नाही, आणि अनेक आहेत. करार, निविदा, दिरंगाई आणि अग्रक्रम यांच्या तोंडावर ठोसा मारता येत नाही.

चित्रपट प्रदर्शित होण्याच्या तीनच आठवडे आधी, ११ मे २०१८ च्या रात्री, याच शहरात दंगल उसळली. अनधिकृत नळजोड तोडण्याच्या कारवाईवरून तणाव वाढल्याच्या बातम्या तेव्हा आल्या. दोन माणसे मृत्युमुखी पडली, दुकाने जळाली. पाण्याच्या टंचाईने पिडलेले लोक टंचाईच्या कारणांविरुद्ध एकत्र न येता शेजाऱ्याविरुद्ध उभे राहिले. अनधिकृत नळ घेणारा प्रत्येक जण चोर नसतो. पुष्कळदा तो अधिकृत नळापासून वंचित राहिलेला नागरिक असतो. चोर आणि साव अशी सरळ फाळणी करणाऱ्या चित्रपटाला हे वास्तव पेलत नाही.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. ज्यांचे पाणी पळविले जाते ते लोक या चित्रपटात केवळ प्रेक्षक आहेत. वास्तविक मुंबईच्या पश्चिम उपनगरांतच पाण्याच्या लढ्याचा निराळा इतिहास घडला आहे. १९६१ मध्ये गोरेगावातून महापालिकेवर निवडून आलेल्या मृणाल गोरे यांना लोकांनी ‘पाणीवाली बाई’ हे नाव दिले. त्यांच्या हाती शस्त्र नव्हते आणि चेहऱ्यावर मुखवटा नव्हता. डोक्यावर हंडा घेतलेल्या बायका त्यांच्यामागे होत्या, सभागृहात विचारलेले प्रश्न होते आणि रस्त्यावरचा मोर्चा होता. १९७२ च्या महागाईविरोधी आंदोलनात याच बायकांच्या हाती लाटणे आले. आणीबाणीत मृणालताईंनाही काही काळ भूमिगत व्हावे लागले, हे खरे. परंतु ते हुकूमशाहीशी लढणाऱ्या संघटनेचे भूमिगत होणे होते. कोणालाही उत्तरदायी नसलेल्या एकट्या वीराचे नव्हे. सत्याग्रही आपले नाव सांगतो, शिक्षा पत्करतो, आणि म्हणूनच लोक त्याला जाब विचारू शकतात. मुखवट्याला जाब विचारता येत नाही.

या चित्रपटातील सर्वांत आशादायी भाग सुपरहीरो जन्मण्यापूर्वीच येऊन जातो, हा मोठाच विरोधाभास आहे. कागदी पिशव्या घातलेली ती मुले हास्यास्पद दिसतात, परंतु ती एकत्र असतात आणि चुकणाऱ्या नागरिकाशी बोलतात. त्यांचे अपयश संघटनेच्या अभावाचे होते. दिग्दर्शकाने त्यातून निष्कर्ष काढला तो अधिक बळकट मुखवट्याचा. २०११ च्या आंदोलनानेही एका व्यक्तीच्या उपोषणावर सारी भिस्त ठेवली होती आणि मोहल्ल्यामोहल्ल्यात समित्या बांधण्याचे काम मागे पडले होते. तारणहाराची वाट पाहणारा समाज पडद्यावरही तारणहारच पाहतो.

म्हणून कार्यकर्त्यांनी हा चित्रपट जरूर पाहावा, आणि पाहून झाल्यावर आपल्या वॉर्डाकडे वळावे. पाणी कोणत्या वस्तीला किती दिवसांनी आणि किती वेळ येते याची नोंद करावी. टँकरच्या फेऱ्यांचा आणि ठेकेदाराच्या करारांचा हिशेब २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने मागावा. दोन्ही धर्मांच्या वस्त्यांतील बायकांना एकाच मोर्चात आणावे. या कामाला टाळ्या मिळत नाहीत, त्यावर कोणी चित्रपटही काढत नाही. परंतु गोरेगावात पाणी आले ते याच वाटेने.