रक्त न गोठण्याचा आजार आणि आपली खिडकी



बंगळूरला रेल्वे क्वार्टर्समध्ये माझ्या शेजारी राहणाऱ्या सहकाऱ्याच्या मुलाला हिमोफिलिया आहे. "नुसतं खरचटलं तरी पोर हातचं जाईल" असे सगळे म्हणत, म्हणून त्याला कोणी खेळायला घेत नसे. मीही माझ्या मुलांना दटावले होते. आज त्याची लाज वाटते.

या आजारात रक्त जोराने वाहत नाही, ते थांबायला वेळ लागतो. कारण रक्त गोठवणारा आठवा किंवा नववा घटक कमी असतो. खरचटलेले दाबून धरले की बहुधा थांबते. डोक्याला मार लागला तर मात्र तडक इस्पितळ गाठावे लागते. खरा घात आत होतो, गुडघा, घोटा, कोपर यांत. बाहेर थेंब दिसत नाही, पण सांधा सुजतो, आणि वारंवार झाले की कायमचा आखडतो. आजार संसर्गाचा नाही. आईला बोल लावणाऱ्यांनी हेही ऐकावे की सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात तो आधी कोणालाच नसतो.

सहकारी निवृत्त होऊन बेळगावला गेले. मुलगा तपासणीसाठी राणी चन्नम्मा एक्सप्रेसने बंगळूरला येतो. तीव्र व मध्यम हिमोफिलियाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना, सोबत्यासह, स्लीपर आणि थर्ड एसीला ७५ टक्के सवलत आहे. डॉक्टरांचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, तो त्याच्याजवळ होता. तरी एका स्टेशनवर खिडकीतून उत्तर आले, "धडधाकट तर दिसतोस!" प्रशासनाला दोष देण्याची आपल्याला सवय आहे, पण त्या खिडकीत आपलाच सभासद बसला होता.

नोकरीचे तर आणखी विचित्र. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत हिमोफिलियाचे नाव आहे. पण त्याच कायद्याच्या ३४ व्या कलमात सरकारी नोकरीचे जे ४ टक्के आरक्षण आहे, त्यात रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे उपचार घेऊन गुडघा जपला तर जागा नाही. गुडघा गेला, तर अस्थिव्यंगात कदाचित बसेल! पोस्टाच्या काउंटरवरचे किंवा आमच्या आरक्षण कार्यालयातले बैठे काम असा मुलगा का करू शकणार नाही? दावणगेरेचे डॉ. सुरेश हनगवाडी स्वतः हिमोफिलियाग्रस्त. त्यांनी डॉक्टर होऊन कर्नाटकात या रुग्णांची संस्था उभी केली.

शाखेच्या पुढील सभेत मी दोन ठराव मांडणार आहे. ३४ व्या कलमात रक्ताचे आजार घ्यावेत, ही मागणी फेडरेशनने सरकारकडे करावी. दुसरा ठराव आपल्यासाठीच आहे : प्रत्येक बुकिंग ऑफिसात सवलतीचा तक्ता आतल्या बाजूला, क्लार्कच्या डोळ्यांसमोर लावावा. त्याला लागणारी खिळे-हातोडी शाखा देईल.